पेल्यातली गुंगी आणि वाया जाणारे बारा तास

कुणाच्या पेयात गुंगीचं औषध मिसळण्याचा विषय निघाला की मराठवाड्यात एक उत्तर हमखास ऐकू येतं. हे मुंबई-पुण्याच्या पबमधलं प्रकरण आहे, आपल्याकडे कुठे आले पब? तुळजापूरला यात्रेकरू येतात, येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, उमरगा-नळदुर्गवरून हैदराबादच्या गाड्या धावतात. इथल्या माणसाचा असल्या भानगडींशी काय संबंध? हे उत्तर देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण ते साफ चुकीचं आहे आणि त्याची किंमत मोजावी लागते. ज्या जिल्ह्यात हा प्रश्नच नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं, तिथे गुंगीतून अर्धवट जागा झालेला माणूस दवाखान्यात आला, तर त्याची लघवी तपासणीसाठी ठेवून घ्यायची हे कुणाला सुचत नाही.

मुळात हा गुन्हा पबपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याचं घर रस्ता आहे. धोत्र्याचं बी कुटून ते चहात, पिठात, मिठाईत किंवा तंबाखूत मिसळायचं, वाटसरू बरळायला लागला की त्याचं गाठोडं उचलून पसार व्हायचं, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात देशभर चालू होती. नॉर्मन चेव्हर्स यांच्या भारतीय न्यायवैद्यकावरच्या ग्रंथात तिची सविस्तर दखल आहे. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनीही याच विषयावर पाठ्यपुस्तक लिहिलं. धोत्र्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं, म्हणून जेवणात ते ओळखू येत नाही. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस हवेतले धागे वेचल्यासारखे हात हलवतो आणि शुद्धीवर आल्यावर त्याला मधलं फारसं आठवत नाही. धाराशिव जिल्ह्याला तर या इतिहासाचा शेजार आहे. ठगांवर १८३९ साली गाजलेली कादंबरी लिहिणारे फिलिप मेडोज टेलर १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्गला जिल्ह्याचा कारभार पाहत होते. ठग रुमालाने गळा आवळत आणि धोत्रा देणाऱ्या टोळ्या वेगळ्या असत, हे खरं. पण सोबतीला आलेल्या गोड बोलणाऱ्या माणसावर वाटसरूने टाकलेला विश्वास हेच दोघांचंही भांडवल होतं.

तो रस्ता आजही आहे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा, बीड असा वर जाणारा महामार्ग आणि पुण्याहून नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबादला जाणारा दुसरा. दोन्हींवर रात्रभर एसटी, ट्रॅव्हल्स आणि मालट्रक असतात. अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ-पिऊ नका अशी सूचना रेल्वे वर्षानुवर्षं करते, ती पबमध्ये जाणाऱ्यांसाठी नाही. ती बिस्किटाचा पुडा पुढे करणाऱ्या सहप्रवाशाबद्दल आहे. या गुन्ह्यात लुटला जाणारा बहुतेकदा पुरुष असतो, मजूर असतो, गावी पैसे घेऊन निघालेला असतो. तो फलाटावर किंवा स्थानकाच्या बाकावर पडलेला सापडतो तेव्हा पाहणारा पहिल्यांदा एकच निष्कर्ष काढतो: पिऊन पडलाय.

दुसरं उदाहरण ताडी-शिंदीचं. क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलाम मिसळलेली ताडी हा तेलंगणापासून महाराष्ट्रापर्यंतचा जुना आजार आहे. क्लोरल हायड्रेटचे साठे आपल्या राज्यातही वेळोवेळी पकडले गेले आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीच्या ताडीने अनेकांचे जीव घेतले. पिणाऱ्याला वाटतं आपण ताडी पितोय, प्रत्यक्षात त्याच्या पोटात झोपेचं औषध जात असतं, तेही किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पेयात न सांगता मिसळलेलं औषध याहून वेगळं ते काय? फक्त इथे बळी गरीब असतो आणि त्याला आधीच व्यसनी ठरवलेलं असतं, म्हणून या प्रकाराला कुणी त्या नावाने ओळखत नाही.

तीर्थक्षेत्रात असं होत नाही हा युक्तिवादही आता टिकणारा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तामलवाडीजवळ मेफेड्रोन म्हणजे एमडी पकडलं गेलं आणि तपासाचे धागे तुळजापुरात पोहोचले. आरोपींची संख्या तिशीच्या पुढे गेली, त्यात काही पुजाऱ्यांचीही नावं आली. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. शिवाय मेफेड्रोन उत्तेजक आहे, ते गुंगी आणत नाही, त्यामुळे या प्रकरणाचा पेयातल्या गुंगीशी थेट संबंध जोडणं चूक ठरेल. त्यातून एवढंच दिसतं की देवीच्या गावात असली पावडर येणारच नाही, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. प्रश्न मान्य करणारे लोक लगेच म्हणतात, कायदा कडक करा, नवा करा, फाशी ठेवा. त्यासाठी ब्रिटनचा दाखला दिला जातो. २०२५ मध्ये तिथल्या संसदेत मांडल्या गेलेल्या गुन्हेविषयक विधेयकात पेयात औषध मिसळण्याचा स्वतंत्र गुन्हा आणि दहा वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. मग भारतात का नाही?

भारतात ती आहे, आणि १८६० पासून आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ३२८ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १२३ झालं आहे. इजा करण्याच्या किंवा दुसरा एखादा गुन्हा करण्याच्या उद्देशाने कुणालाही विष, गुंगी आणणारं, नशा आणणारं किंवा अपायकारक औषध अथवा अन्य काहीही दिलं, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पुढे चोरी किंवा अत्याचार घडलाच पाहिजे अशी अट नाही, त्या हेतूने दिलं एवढं पुरेसं आहे. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. ‘आम्ही गंमत केली, इजा कुठे केली?’ या बचावालाही उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. १९२० च्या दशकात अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे अनीस बेग नावाचा खटला आला होता. एका तरुणाने आपल्याला आवडणाऱ्या मुलीला धोत्रा घातलेली मिठाई पाठवली होती आणि ती घरातल्या इतरांनीही खाल्ली होती. एखादा अवयव तात्पुरता जरी नीट काम करेनासा झाला तरी ती कायद्याच्या अर्थाने इजाच, असा अर्थ न्यायालयाने लावला.

बलात्काराच्या व्याख्येतही ही तरतूद आहे आणि ती महाराष्ट्रातल्या एका अन्यायातून आली आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात पोलीस सुटले, देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीत हेही आलं की नशेमुळे किंवा कुणी दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे स्त्रीला आपण कशाला होकार देतोय हे कळत नसेल, तर तो होकार होकारच नाही. तो पदार्थ आरोपीने स्वतः दिला की दुसऱ्याकरवी, याने फरक पडत नाही. शब्दांच्या पातळीवर यापेक्षा स्पष्ट कायदा क्वचितच सापडेल.

मग तो चालत का नाही? महाराष्ट्रात कलम ३२८ सर्वाधिक चर्चेत आलं ते गुटख्यामुळे. २०१२ च्या गुटखाबंदीनंतर विक्रेत्यांवर हेच कलम लावलं जाऊ लागलं. गुटख्याच्या प्रकरणांत दंड संहितेची कलमं लागतात की फक्त अन्नसुरक्षा कायदा, हा वाद २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या उमरगा-नळदुर्ग पट्ट्यात गुटख्याची वाहनं पकडल्याच्या बातम्या नेहमीच्या आहेत. परिणाम असा, की या कलमाखालच्या गुन्ह्यांचा आकडा काढला तर त्यात गुटखा किती आणि चहातली गुंगी किती हे कळायला मार्ग नाही. कलम वापरात असल्याचा भास होतो आणि ज्याच्यासाठी ते लिहिलं गेलं तो गुन्हा त्या गर्दीत दिसेनासा होतो.

खरी अडचण त्याहून साधी आहे. गुन्हा सिद्ध करायला पेयात काय होतं हे दाखवावं लागतं. पेला धुतला जातो, बाटली फेकली जाते. उरतं फक्त पीडित माणसाचं शरीर, आणि शरीर थांबत नाही. जीएचबी नावाचं जे द्रव्य यासाठी वापरलं जातं, ते रक्तात सहा-आठ तास आणि लघवीत सुमारे बारा तास सापडतं. त्यानंतर ते नाहीसं होतं. शिवाय ते अत्यल्प प्रमाणात शरीरात मुळातच असतं, म्हणून उशिरा घेतलेल्या नमुन्यावरून काहीच ठामपणे सांगता येत नाही. झोपेच्या गोळ्या त्या मानाने जास्त टिकतात, लघवीत काही दिवस मिळू शकतात. दारू तर काही तासांतच उतरते. माणूस शुद्धीवर येतो तेव्हाच यातले निम्मे तास संपलेले असतात. उरलेले तास घर गाठण्यात, लाजेत, घरच्यांना सांगावं की नाही या घालमेलीत आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर जातात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८४ म्हणतं की बलात्काराची खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावं. म्हणजे कायदा चोवीस तास देतो, औषध बारा तासांत निघून जातं. पोलिसांनी मुदत तंतोतंत पाळली तरी पुरावा हातातून गेलेला असू शकतो. आणि ही मुदतसुद्धा फक्त बलात्कार किंवा त्याच्या प्रयत्नासाठी आहे. ज्याला चहा पाजून लुटलं, ज्याच्या ताडीत गोळ्या मिसळल्या, त्याच्यासाठी या कलमात जागा नाही. त्याच संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांनी ठरावीक गुन्ह्यांतल्या पीडितांवर ताबडतोब मोफत उपचार करायचे आहेत. त्या गुन्ह्यांच्या यादीत न्याय संहितेची बलात्काराची कलमं आहेत, आम्लहल्ल्याचं १२४ आहे. त्याच्या अगदी शेजारचं १२३ मात्र नाही. नवा कायदा मागणाऱ्यांनी मागायची दुरुस्ती ही आहे, शिक्षेची वर्षं वाढवण्याची नाही. दहाची वीस वर्षं केली तरी रिकाम्या नमुन्यावर एक दिवसाचीही शिक्षा होत नाही.

महाराष्ट्राने कडकपणाचा मार्ग आजमावून पाहिला आहे. स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. फाशीची तरतूद होती, तपासाला तीस दिवसांची मुदत होती. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळालीच नाही. त्याच राज्यात खरा बदल कशाने झाला ते पाहायचं असेल तर सेवाग्रामकडे पाहावं. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कार पीडितांच्या तपासणीची दुरवस्था अहवालातून मांडली, नागपूर खंडपीठात जनहित याचिका गेली, आणि तपासणी कशी करायची, काय नोंदवायचं, कोणते नमुने घ्यायचे, हे लेखी ठरू लागलं. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. पीडिता थेट रुग्णालयात आली तर पोलिसांच्या पत्राची वाट पाहायची नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे, आणि गुंगीच्या संशयात रक्त व लघवी घेण्याचीही तरतूद आहे. या कामाच्या मोठ्या बातम्या झाल्या नाहीत, पण न्यायालयात उभा राहणारा पुरावा याच कागदांतून तयार होतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात चलाखीचा आहे, कारण त्याच्या हातात आकडे आहेत. ब्रिटनमध्ये २००० ते २००२ या काळातल्या १,०१४ तक्रारींच्या नमुन्यांचा अभ्यास झाला. त्यात जाणूनबुजून औषध दिल्याचं दिसलेली प्रकरणं २१ होती, जेमतेम दोन टक्के. जवळपास निम्म्या नमुन्यांत सापडली ती दारू. यावरून निष्कर्ष काढला जातो की मुली स्वतःच जास्त पितात आणि मग औषधाची गोष्ट रचतात.

हा निष्कर्ष त्या अभ्यासातून निघत नाही. नमुन्यात औषध सापडलं नाही, याचा अर्थ दिलं गेलं नाही असा होत नाही. बारा तासांनंतर घेतलेला नमुना जीएचबीबद्दल मुका असतो. दुसरं, कुणाच्या सरबतात न सांगता दारू ओतणं किंवा एका पेगच्या जागी तीन भरणं, हेही पेयात मिसळणंच आहे. कलम १२३ मधला नशा आणणाऱ्या पदार्थाचा उल्लेख दारूलाही लागू होतो. आणि तिसरं, समजा बाई स्वतःहून प्यायली. १९८३ पासूनचा कायदा तेव्हाही विचारतो की तिला कळत होतं का. तिने किती घेतली हा प्रश्न आरोपीला सुटकेचं दार उघडून देत नाही.

काळजी घ्या, पेला हातातून सोडू नका, अनोळखी माणसाकडून घेऊ नका, हा सल्ला आई देते तेव्हा तो मायेचा असतो. सरकार आणि पोलीस तेवढंच सांगून थांबतात तेव्हा ते आपली जबाबदारी पीडितावर ढकलतात. शिवाय हा सल्ला अनोळखी माणसापुरताच उपयोगाचा आहे. फ्रान्समधल्या मझां गावात जिझेल पेलिको यांना त्यांचाच नवरा जेवणातून आणि पेयातून लोराझेपाम देत होता, जवळपास दहा वर्षं, आणि बेशुद्ध असताना परक्या पुरुषांना घरी बोलावत होता. स्मृती जाते म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या, तपासण्या झाल्या, गुंगीच्या औषधाचा संशय कुणाला आला नाही. २०२० मध्ये नवरा दुसऱ्याच कारणाने, दुकानात बायकांचं चोरून चित्रण करताना पकडला गेला, म्हणून हे बाहेर आलं. १९ डिसेंबर २०२४ रोजी आव्हिन्यों इथल्या न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली, एकूण ५१ पुरुष दोषी ठरले. स्वयंपाकघरातला पेला कुणी हाताने झाकून बसत नाही. आपल्या वाड्यावस्त्यांवर अशी एखादी बाई ‘डोकं जड होतं, मधलं काही आठवत नाही’ म्हणत दवाखान्यात आली, तर तिला अशक्तपणाच्या गोळ्या मिळतील की कुणी दार बंद करून दोन प्रश्न विचारील?

कॅलिफोर्नियात २०२४ च्या जुलैपासून ठरावीक परवान्याच्या बारमध्ये पेय तपासण्याचे संच ठेवणं सक्तीचं झालं आहे. तिथे ते ठीक असेल. येरमाळ्याच्या हॉटेलात चहाच्या कपात पट्टी बुडवून कुणी पिणार नाही. इथे उपाय पेल्याच्या मागे आणि पुढे शोधावे लागतील.

मागे म्हणजे मेडिकलमध्ये. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधं २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. विकताना डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि मात्रा वेगळ्या वहीत लिहायची, वही तीन वर्षं जपायची. केटामाइन त्याहून कडक अनुसूची एक्समध्ये आहे. ही वही अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी उघडून पाहिली तर कुठल्या गावात कुठली गोळी गरजेपेक्षा जास्त खपते हे दिसू शकतं. चिठ्ठीविना झोपेची गोळी मागणारा माणूस आणि ती देणारा दुकानदार, दोघंही कायद्याच्या नजरेत आधीच आहेत. नजर फिरवायची आहे, इतकंच.

पुढे म्हणजे रुग्णालयात. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुळजापूर-उमरग्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला आहे. नमुना इतका लांबचा प्रवास करणार असेल तर तो निघण्यापूर्वी नीट घेतला, थंड ठेवला आणि मोहोरबंद केला गेला पाहिजे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. एवढ्या मोठ्या शहरात सगळ्यांचं लक्ष असताना असा संशय येऊ शकतो, तर तालुक्याच्या ठिकाणी नमुना कुणाच्या हातात, किती वाजता, कुठल्या फ्रिजमध्ये होता याची लेखी नोंद अत्यावश्यक आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावं असं नागरिक सुरक्षा संहिता सांगते, आणि कलम १२३ त्यात बसतं. पण इथलं पहिलं घटनास्थळ रुग्णाचं मूत्राशय आहे. तज्ज्ञ पोहोचेपर्यंत ते रिकामं झालेलं असेल.

याला पैसा लागतो असं म्हणणाऱ्यांनी कुठल्याही दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जाऊन करड्या बुचाची नळी पाहावी. रक्तातली साखर तपासायला ती रोज वापरली जाते, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. दारू आणि गुंगीच्या औषधांसाठी घ्यायचं रक्तही त्याच संरक्षकात ठेवायचं असतं. लघवीला स्वच्छ झाकणाची बाटली पुरते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीने एक पानी आदेश निघू शकतो: गोंधळलेला, अर्धवट शुद्धीतला, मधलं न आठवणारा कुणीही आला, बाई असो की पुरुष, प्यायल्याचा वास येत असो की नसो, तर त्याच्या संमतीने पहिली लघवी आणि फ्लोराइडच्या नळीत रक्त घ्यायचं, घड्याळाची वेळ लिहायची, एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद करायची आणि मगच पोलिसांना कळवायचं. हा आदेश काढायला संसदेचं अधिवेशन लागत नाही, राष्ट्रपतींची संमतीही लागत नाही. नवरात्रात तुळजापूरला लाखोंची गर्दी होते, आरोग्य विभाग तेव्हा जागोजागी पथकं उभी करतो. त्या पथकांच्या पेट्यांत या दोन बाटल्या आणि तो एक कागद याच वर्षी घालता येईल.